गच्चीवरच्या चादरी

आमची वहिनी चादरी वाळत घालते. कोणी कामाचं विचारलं की ती एवढंच सांगते आणि समोरचा गप्प होतो, कारण यापुढे विचारायचं तरी काय? म्हणून मी सांगते. तिला बोलायला जमत नाही आणि मला गप्प बसायला जमत नाही. देवाने एकाच घरात बरोबर जोडी बसवलीय.

आमच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे हॉस्पिटल आहे आणि त्याच्या गच्चीवर धुलाईची खोली. आत मोठाली मशीनं, माणूस आरामात बसेल एवढ्या तोंडाची. खालच्या वॉर्डातून चादरी पोत्यात बांधून वर येतात, गरम पाण्यात आणि औषधात घुसळून निघतात, मग वहिनी त्या बाहेर तारांवर घालते. सुकवायचं मशीनही आहे, पण ते कायम बिघडलेलं. 'दुरुस्तीवाला येणार आहे' हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो माणूस जन्माला तरी आलाय का, अशी मला शंका येते. वहिनीची तक्रार नाही. मशीन सुरू झालं तर तिला गच्चीवर उभं कोण राहू देईल?

तिचं चादर घालणं बघत राहावं असं असतं. दोन टोकं धरून अशी झटकते की आवाज आमच्या घरात येतो. मग तारेवर टाकायची, कडा जुळवायच्या, चिमटे लावायचे आणि एक पाऊल मागे सरकून बघत राहायचं. काय बघते कोण जाणे. कधी कधी दोन रांगांच्या मधल्या बोळात शिरते ती बाहेरच येत नाही. पांढरं संथ हलत असतं आणि खाली नुसते तिचे पाय दिसतात. मी एकदा विचारलं, "काय करतेस गं आत एवढा वेळ?" तर म्हणाली, "काही नाही. आत ऊन वेगळं असतं." आता यावर माणसाने काय बोलावं?

आई तिला 'ढगातली' म्हणायची. "आली का ढगातली? आज भाजीत मीठ आहे, की कालसारखं तेही ढगात राहिलं?" माझा दादा जहाजावर खलाशी. वर्षातला बराचसा काळ तो पाण्यावर, बायको ढगात, आणि जमिनीवर राहिलो आम्ही दोघी. आई खिडकीपाशी खुर्चीत आणि तिच्या शेजारी मी शिवणयंत्रावर. मी लोकांच्या पॅन्ट आखूड करते, चेन बदलते, उसवलेलं शिवते. आई समोरच्या गच्चीकडे बघत सुनेच्या चुका काढायची. "ती शेवटची बघ, वाकडी घातलीय." वाकडी-बिकडी काही नसायची. सासू म्हटल्यावर हाताला काहीतरी काम लागतंच.

आईच्या त्या बघण्यामागे आणखीही काही होतं. मागच्या साथीत बाबा त्याच हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. तेव्हा आत कोणालाच सोडत नव्हते. जो तो आईला सांगायचा, बरे आहेत, जेवले, आत्ताच झोपले. मग एका सकाळी फोन आला. त्यानंतर आईने त्या इमारतीच्या दारात पाऊल ठेवलं नाही. कितीही दुखलं-खुपलं तरी नाही.

तर अशात ती बातमी आली. विषाणूने म्हणे पुन्हा रूप बदललंय, नवा प्रकार आहे, आणि त्याचे काही रुग्ण आमच्या समोरच्या हॉस्पिटलात दाखल झालेत. 'काही' म्हणजे किती ते सांगितलं नाही. टीव्हीवर खाली लाल पट्टी धावत होती आणि बाई शांतपणे सांगत होती की घाबरू नका. घाबरू नका म्हटलं की आमचा रस्ता हमखास घाबरतो.

बातमीला पाय फुटले. संध्याकाळपर्यंत किराणावाल्याकडचं मीठ संपलं. मिठाचा आणि विषाणूचा काय संबंध ते मला विचारू नका, मीही दोन पुडे आणले. लोकांनी कपाटाच्या तळातून जुने मास्क काढले, त्यांची इलॅस्टिकं सैल झालेली, म्हणून रांग लागली माझ्याकडे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात उभे राहून सगळ्यांना सांगत होते की हे सगळं औषधवाल्यांचं कारस्थान आहे, असा विषाणूच नाही. आणि ते सांगताना त्यांच्या तोंडावर एकावर एक दोन मास्क होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

मग किराणावाल्याच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. म्हणाला, "टीव्हीवाल्यांचं सोडा हो. समोर गच्ची आहे ना? जेवढे पेशंट तेवढ्या चादरी. तारा खोटं बोलत नाहीत."

झालं. सगळा रस्ता गच्ची वाचायला लागला. लोक सकाळी उठून आधी वर बघायचे आणि मग दात घासायचे. दुधाची पिशवी घेताना, "आज कसं काय?" "दोनच तारा भरल्यात." "मग ठीक आहे, पोरांना शाळेत पाठवते." माझ्या एका गिऱ्हाइकाने निरोप पाठवला की आज तारा जास्त दिसतात, पॅन्ट राहू दे तुझ्याकडे. पोस्टमास्तरांनी तर दुर्बीण काढली. आणि जिच्या हातात हे सगळं होतं, तिला याचा पत्ताच नव्हता. ती आपली चादरी झटकून, एक पाऊल मागे सरकून बघत होती.

दोन-तीन दिवसांत पोस्टमास्तर वर आले. दारापासून लांब, जिन्याच्या कठड्याला चिकटून उभे राहिले. "तुमच्या वहिनींबद्दल मनात काही नाही हो आमच्या. पण त्या चादरी हाताळतात. इमारतीत लहान मुलं आहेत."

"कोणाची? तुमची? तुमचा धाकटा टकला झालाय," मी म्हटलं.

मी आणखी पुष्कळ बोलणार होते, तोंडाशी आलं होतं सगळं. पण मागून वहिनी म्हणाली, "मी राहीन काही दिवस तिकडेच. इस्त्रीच्या खोलीत जागा आहे. ऊबही असते." मी आईकडे बघितलं. वाटलं, आता तरी सुनेची बाजू घेईल. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "राहू दे तिकडेच."

मला आईचा एवढा राग आला की मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. वहिनीने पिशवी भरली, रस्ता ओलांडला, फाटकाशी थांबून वर बघितलं. मी हात हलवला. आईने हलवला नाही.

त्यानंतर वहिनी आम्हाला लांबूनच दिसायची. काम चालू असताना तिचा फोन कपाटात बंद, संध्याकाळी दोन शब्द व्हायचे. आईने मात्र चुका काढणं बंद केलं. नुसती बघत बसायची. ऊन चढायचं, चादरी फुगायच्या, खाली बसायच्या, यंत्राच्या आवाजात मलाही पेंग यायची आणि जागी झाले की आई तशीच बघत असायची. ते दिवस मला नीट आठवतच नाहीत. आमचं घर कुठेतरी तरंगत बाजूला गेलंय आणि समोर ती एकटी चालतेय, एवढंच आठवतं.

मग आईला ताप आला. घराबाहेर न पडलेल्या बाईला तो कोणी दिला, ते कोण सांगणार? विषाणू काही बेल वाजवून येत नाही. आधी नुसती कणकण होती, मग खोकला, आणि एका पहाटे तिचा श्वास मला शेजारच्या खोलीत ऐकू आला. समोरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोन आईच्या तोंडाशी धरायला लावला, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "आत्ता आणा. संध्याकाळची वाट बघू नका, संध्याकाळी फार उशीर झालेला असेल."

मी पिशवी भरली आणि आईला उजेड मिळावा म्हणून पडदा सरकवला.

समोरची गच्ची भरली होती. अशी भरलेली मी कधीच बघितली नव्हती. एकूण एक तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तारा संपल्या म्हणून कठड्यावर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, जिथे म्हणून जागा होती तिथे चादर. सकाळचं कोवळं ऊन त्यांच्यावर पडून आमच्या खोलीत येत होतं. भिंत पांढरी झाली, छतावर उजेड हलायला लागला, आईचा चेहरा त्या उजेडात वर-खाली होत होता. खरं सांगते, क्षणभर मी विसरले की मला काय करायचंय. सुंदर होतं ते.

मग खाली शटर पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरं. शाळेकडे निघालेली एक बाई पोराचा दंड धरून उलट्या पावली फिरली. बस आली आणि थांब्यावर न थांबताच गेली. जिन्यात पोस्टमास्तर ओरडत होते, "ओसंडून वाहतंय हॉस्पिटल! मी म्हणतच होतो!" म्हणत काहीही नव्हते, पण असू दे.

"मी जाणार नाही," आई म्हणाली.

"आई, डॉक्टर म्हणालेत..."

"बघ की समोर. माणसं कुठे ठेवतायत ती? मला जमिनीवर टाकतील. तुझ्या बाबांसारखी कोणी न बघता मरेन मी." प्रत्येक वाक्यानंतर तिला थांबावं लागत होतं. तिने खिडकीचा गज धरला. "मरायचं तर या खुर्चीत."

मी समजावलं, हातापाया पडले, ओरडले. गज सोडवायला गेले तर तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. एकटीने तिला उचलणं शक्य नव्हतं. शेजारची दारं ठोठावली. आतून पावलं यायची, दाराच्या भोकामागे अंधार व्हायचा आणि पावलं परत जायची. शेवटी मी तशीच खाली धावले.

हॉस्पिटलच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "पेशंट घेऊन या."

"पेशंट यायला तयार नाही, तेच तर रडगाणं आहे!" मी म्हटलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. गाड्या नव्हत्याच. वर तोंड करून हाका मारायला लागले. वहिनी, वहिनी, अगं वहिनी! वर नुसतं पांढरं हलत होतं. ती बोळात असणार, आणखी कुठे? माझा घसा बसला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडातून निघालं, "अगं ए ढगातले!"

दोन चादरी बाजूला झाल्या आणि ती कठड्याशी आली.

"आईला श्वास लागलाय! आत्ता आणा म्हणतायत! आणि ती येत नाही! तुझ्या चादरी बघून घाबरलीय!"

"माझ्या चादरी?"

"किती पेशंट आहेत गं आत?"

तिला कळेचना मी काय विचारतेय. मग कळलं. तिने एकदा चादरींकडे बघितलं, एकदा बंद दुकानांकडे. "अगं, या नव्या आहेत! कोऱ्या! काल रात्री गठ्ठे आले. कोऱ्या चादरीला खळ असते, आजारी माणसाच्या पाठीला टोचते. म्हणून आधी एकदा धुवायची. कोणी झोपलेलं नाही अजून यांच्यावर!"

"मग सगळ्या एकदम कशाला घातल्यास?"

"ऊन छान होतं," ती म्हणाली. असा राग आला मला! आणि हसूही आलं, त्या तसल्या वेळी. ती पुढे म्हणाली, "खाली निम्म्या खाटा रिकाम्या आहेत. लोकच यायला घाबरतायत. मी येते घरी, मी उचलते आईंना." दोन पावलं निघाली आणि थांबली. "नको. मी आले तर त्या आणखी घाबरतील. मला तर त्यांनीच..." तिला तसं बोलता येतच नाही.

मी परत वर धावले. आईचे ओठ काळसर पडले होते. हात गजावरच. मी धापा टाकत सगळं सांगितलं, नव्या चादरी, खळ, रिकाम्या खाटा. तिने डोळे मिटून ऐकलं.

"तेव्हाही असंच सांगत होते सगळे," ती म्हणाली. "बरे आहेत. जेवले. झोपले."

मी खाली बसले, तिच्या पायाशी. खोलीत तो पांढरा उजेड हलत होता, आईचा श्वास आत जाताना अडकत होता आणि मला वाटायला लागलं की आता हे असंच होणार, मी इथे बसून बघणार आणि हे होऊन जाणार.

तेवढ्यात छतावरचा उजेड कमी झाला.

"काय करतेय ती?" आई म्हणाली.

मी उठून बघितलं. वहिनी चादरी काढत होती. नेहमीसारखी नाही, की चिमटा काढला, घडी घातली. ओरबाडत होती. चिमटे उडत होते. एक तार मोकळी झाली, दुसरी झाली. ओढायची, खांद्यावर घ्यायची, खोलीत नेऊन टाकायची, परत यायची. जिथे पांढरं होतं तिथे भिंत दिसायला लागली, टाकी दिसायला लागली, मागचं आभाळ दिसायला लागलं.

खाली रस्त्याला वाचा फुटली. "काढल्या! चादरी काढल्या!" "सगळे पेशंट हलवले वाटतं दुसरीकडे." "नाही हो, बरे झाले असतील." "इतके? एका तासात?" किराणावाल्याचं शटर अर्धं वर गेलं. एवढ्या चादरी कुठून आल्या ते कोणालाच माहीत नव्हतं आणि त्या कुठे गेल्या ते सगळ्यांना माहीत होतं.

मला मात्र कळलं ती काय करतेय. बोललेलं आई ऐकणार नव्हती, म्हणून ती तिला रिकामी गच्ची दाखवत होती. मीही संधी साधली. म्हटलं, "बघ आई, गेले सगळे घरी. गर्दी नाही आता. रिकामं झालं बघ."

आई डोळे बारीक करून बघत होती, चुका काढताना बघायची तशीच.

"खोटारडी," ती म्हणाली. मला. "बघ ती कशी वाकलीय. वाळलेली चादर अशी ओढते का माणसाला?" थांबली, श्वास घेतला. "अंगावर पाणी गळतंय तिच्या. बघ, सगळी भिजलीय. ओल्या आहेत त्या. आत्ता घातलेल्या ओल्या चादरी काढतेय."

मी मान खाली घातली. डाव फसला होता.

समोर वहिनी पुन्हा एक ओझं घेऊन चालली होती. वाटेत तिचा गुडघा टेकला, ती तशीच थोडा वेळ राहिली, मग उठली आणि उरलेल्या तारेकडे गेली.

"वेडी आहे ती," आई म्हणाली. "पाठ मोडेल तिची." आणि मग, माझ्याशी नाही, त्या गच्चीशी बोलल्यासारखी, "मी हाकललं गं तिला." तिच्या गालावरून पाणी आलं. ते तिने पुसलं, त्यासाठी तिला हात गजावरून काढावा लागला. तो तिने परत गजावर ठेवला नाही.

"माझ्या चपला दे," ती म्हणाली.

मी तिला उभं केलं. जिन्यात तिचं सगळं वजन माझ्यावर होतं आणि ते जवळजवळ नव्हतंच. पोस्टमास्तरांनी दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि बंद केलं. आम्ही दोन पायऱ्या उतरलो असू, दार परत उघडलं. दोन्ही मास्क नाकावर ओढत ते बाहेर आले आणि त्यांनी आईची दुसरी बाजू धरली. मी त्यांना पुष्कळ बोलले आहे आणि पुढेही बोलेन, पण हे सांगायला हवं.

रस्ता ओलांडताना अर्ध्या शटरांखालून सगळे बघत होते. हॉस्पिटलच्या दाराशी आई थांबली. याच दारातून बाबा आत गेले होते. मला वाटलं, आता इथून मागे फिरणार. तिने वर बघितलं. गच्चीच्या कठड्यावरून वहिनी वाकून बघत होती, केस चेहऱ्याला चिकटलेले, कोपरांवरून पाणी टपकतंय. आईला ओरडण्याइतका श्वास नव्हता. ती माझ्या कानाशी आली.

"सांग तिला, परत घाल म्हणावं वाळत. कुबट वास येईल नाहीतर," म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत गेली.

मी वर बघून ओरडले, "आई म्हणतेय परत घाल!" बाबा गेले तेव्हासुद्धा जी कोणासमोर रडली नव्हती, ती आमची वहिनी कठड्यावर डोकं टेकून भर रस्त्यासमोर मोठ्याने रडायला लागली. खालच्या लोकांनी त्याचा काय अर्थ लावला असेल तो लावला असेल.

"अगदी वेळेवर आणलंत तुम्ही," काही दिवसांनी आईच्या नाकातली ऑक्सिजनची नळी काढताना डॉक्टर मला म्हणाले.

"मी नाही आणलं," मी म्हटलं.